काचेखालची कॅथीड्रले

पडेगावाहून शहरात जाणाऱ्या आपणा धर्मग्रामस्थांना शहागंजचा निजामकालीन घड्याळ-मनोरा परिचित आहे. तेथे वेळ दिसते. यंत्र भिंतीआड राहते. एकोणिसाव्या शतकातील काही इंग्रज कारागिरांनी नेमके याच्या उलट केले. त्यांनी घड्याळाची पेटीच वगळली, पितळी पत्रा कोरून जाळीदार चौकट केली आणि सारी चक्रे उघडी ठेवून वर काचेचा घुमट बसविला. अशा घड्याळास आम्ही सांगाडी घड्याळ म्हणू.

त्यात पाहण्याजोगा असतो तो शंकू. किल्ली दिलेली कमान आरंभी जोराने ओढते. उलगडत जाता तिचा जोर ओसरतो. म्हणून मळसूत्री खोबणीच्या शंकूवर साखळी गुंडाळलेली असते. कमान ताठ असता साखळी अरुंद टोकावरून सुटते, सैल पडता रुंद बाजूवरून. त्यामुळे ओढ सारखी राहते. एकदा किल्ली दिली की घड्याळ साधारण आठ दिवस चाले.

लंडनच्या क्लार्कनवेल भागातील जॉन स्मिथ अँड सन्स, बर्मिंगहॅमजवळच्या हँड्सवर्थचे विल्यम इव्हान्स व लिव्हरपूलचे जेम्स कॉन्डलिफ हे यातील नामांकित. तथापि तबकडीवर पुष्कळदा विक्रेत्याचेच नाव असे. कानशीने ती नाजूक जाळी घासणारे हात अनामिकच राहिले.

या चौकटींना यॉर्क, लिचफिल्ड, वेस्टमिन्स्टर येथील मंदिरांचे आकार देत. ही मंदिरे मुळात कॅथोलिक श्रद्धेने उभारलेली. सोळाव्या शतकात ती आपल्या ख्रिस्तसभेच्या हातून गेली. पुढे १८५० साली पोप नववे पायस यांनी इंग्लंडात पुन्हा धर्मप्रांत स्थापिले, तेव्हा तेथे केवढा गदारोळ उठला! आणि त्याच काळात तीच मंदिरे दिवाणखान्यात काचेखाली शोभेस ठेवली जात होती. आम्हांस ही विसंगती खटकते. दोष अर्थात कारागिरांचा नव्हे.

त्या लिचफिल्ड कॅथीड्रलचा जीर्णोद्धार करणारे वास्तुशिल्पी जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनीच मुंबईच्या राजाबाई मनोऱ्याचा आराखडा केला. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून १८६९ मध्ये त्याची कोनशिला बसली. घड्याळ लंडनच्या लुंड अँड ब्लॉकली यांचे. नोव्हेंबर १८७८ मध्ये मनोरा पूर्ण झाला. स्कॉट त्याच वर्षी मार्चमध्ये निवर्तले होते. मुंबई त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.