काट्याभोवतीचे राखणदार

श्रोतेहो, पायात बाभळीचा काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, पू धरते. हे का बरे होत असेल?

१८८२ साली इटलीतील मेसिना या बंदरी एली मेचनिकोव नावाचा रशियन शास्त्रज्ञ राहत होता. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीला गेली आणि हा एकटाच सूक्ष्मदर्शकापाशी उरला. तारामाशाच्या पारदर्शक पिलांना त्याने गुलाबाचे काटे टोचले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी पाहतो तो काय, काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा! रोगजंतूंना गिळणारे शरीराचे राखणदार ते हेच. १९०८ साली त्याला पॉल एर्लिखसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याने म्हातारपणाचा विचार केला. आतड्यातील घाणीने अंगात विष भिनते, मग हेच राखणदार आपलेच शरीर कुरतडतात, असे त्याचे मत. उपाय काय, तर आंबवलेले दूध! स्वतः तो ते नेमाने घेई. पण १९१६ साली, एकाहत्तराव्या वर्षी तो वारलाच.

मग सारे फोल का? तसे नव्हे. २००३ साली अमेरिकेतील संशोधकांना दिसले की लठ्ठ उंदरांच्या चरबीत याच जातीच्या पेशींची दाटी होते. तिथे काटा नसतो, तरी सूज धुमसत राहते. इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. उतारवयातही अशी मंद सूज वाढते.

गुरुजी, मेचनिकोवचे उत्तर पुरते बरोबर नव्हते. प्रश्न मात्र खरा होता. वर्गात चुकलेले उत्तर खोडताना त्यामागचा प्रश्न तेवढा राखून ठेवा.