अस्वलाची शिकार ते संघर्ष-व्यवस्थापन : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. ब्रिटिश काळात हा प्रदेश मध्य प्रांतात मोडत असे. त्या प्रांतात वाघ-बिबट्यांप्रमाणेच अस्वल मारणाऱ्यासही सरकारी इनाम मिळे. म्हणजेच मानव-अस्वल संघर्षावर तत्कालीन शासनाचे उत्तर शिकार हेच होते.

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमापासून ही भूमिका बदलली. आज अस्वल अनुसूची एकमध्ये आहे. ते मानवी जीवितास धोकादायक ठरले आणि पकडणे वा हलविणे शक्य नसले, तर कलम ११ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षक त्यास मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतात. नागझिरा अभयारण्य (१९७०), नवेगाव राष्ट्रीय उद्यान (१९७५) व नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प (२०१३) यांमुळे अधिवासासही संरक्षण लाभले.

तथापि संघर्षाचे मूळ कायम राहिले. उन्हाळ्यात पहाटे मोहफुले वेचणारा ग्रामस्थ व तीच फुले खाणारे अस्वल एकाच झाडाखाली येतात. ही गाठ इनामाने टळली नाही, बंदीनेही टळत नाही. भरपाई तर हानीनंतरच मिळते. उजाडल्यावर, समूहाने वेचणी करणे हा सुरक्षित मार्ग होय. मात्र उशीर झाल्यास गुरे व वन्यप्राणी फुले खाऊन टाकतात. तो तोटा एकट्या वेचणाऱ्याने सोसावा, ही अपेक्षा न्याय्य नाही. संरक्षणाच्या धोरणाची खरी कसोटी येथेच आहे.