गोड्या तेलावरचें इंजिन

दरवर्षीं १० ऑगस्ट रोजीं भारतांत जागतिक जैवइंधन दिन पाळण्यांत येतो. त्या दिवशीं व्याख्यानें होतात, परिषदा भरतात, आणि रुडॉल्फ डीझेल या जर्मन यंत्रज्ञानें १८९३ सालीं शेंगदाण्याच्या तेलावर आपलें इंजिन चालविलें, ही कथा सरकारी निवेदनांतून व वर्तमानपत्रांतून पुन्हां एकदां सांगितली जाते. कथा सुटसुटीत आहे, ऐकणाराला बरी वाटते. परंतु ती खरी नाहीं. खरा इतिहास या कथेहून अधिक मनोरंजक आहे. शिवाय, तळणाचें उरलेलें तेल परसांत शिजवून त्यावर मोटार हांकणारे जे हौशी लोक अलीकडच्या काळांत निघाले, त्यांची विद्या कोठून आली हें त्या इतिहासावांचून कळत नाहीं.

आउग्सबुर्ग येथील यंत्रशाळेंत त्या तारखेस डीझेलनें आपलें पहिलें प्रायोगिक इंजिन चालवून पाहिलें, एवढा भाग बरोबर आहे. हवा अतिशय दाबली म्हणजे ती तापते, व इतकी तापते कीं तींत सोडलेलें इंधन ठिणगीवांचून पेट घेतें, हें त्याच्या इंजिनाचें मर्म. पण त्या दिवशीं नळकांड्यांत जें इंधन सोडलें होतें तें खनिज तेलाचा हलका अंश होता. स्फोट झाला, दाब मोजणारें उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले, आणि इंजिन स्वतःच्या बळावर फिरलें नाहीं तें नाहींच. इंधन आपोआप पेटतें एवढें मात्र सिद्ध झालें. इंजिन खरोखर कामाचें ठरलें तें १८९७ च्या फेब्रुवारींत. त्या वेळीं म्युनिकचे प्राध्यापक श्रोटर यांनीं त्याची परीक्षा घेतली, तेव्हां इंधनांतील उष्णतेपैकीं २६ टक्क्यांहून अधिक भाग कामीं येतो असें दिसून आलें. वाफेचीं यंत्रें त्या मानानें पुष्कळच मागें होतीं. या साऱ्या खटपटींत डीझेलच्या मनांत कोळशाची भुकटी होती, रॉकेल होतें. भुईमूग कोठेंच नव्हता.

शेंगदाण्याचें तेल डीझेल इंजिनांत पडल्याची प्रसिद्ध नोंद आहे ती १९०० सालच्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनाची. आणि तेंही डीझेलच्या हातून पडलेलें नव्हे. ओटो कंपनीनें तेथें एक लहान डीझेल इंजिन मांडलें होतें व फ्रेंच सरकारच्या इच्छेवरून तें भुईमुगाच्या तेलावर चालविलें होतें. इंजिन मुळांत खनिज तेलासाठींच बांधलेलें. नव्या तेलासाठीं त्यांत कसलाही फेरफार केलेला नव्हता. तरी तें इतकें बिनबोभाट चाललें कीं आंत कोणतें तेल जळत आहे हें फारच थोड्या प्रेक्षकांच्या ध्यानांत आलें. हा वृत्तांत पुढें १९१२ सालीं लंडन येथें यंत्रशास्त्रज्ञांच्या सभेपुढें खुद्द डीझेलनेंच सांगितला आणि श्रेय ज्याचें त्यास दिलें. त्याचा हा प्रांजळपणा त्याच्या भक्तांना मात्र पेलला नाहीं.

फ्रेंच सरकारला ही इच्छा कां झाली? फ्रान्सच्या आफ्रिकेंतील वसाहतींत भुईमूग उदंड पिकत असे. कोळसा व खनिज तेल तेथें दूरवरून न्यावें लागे. तेथल्याच पिकावर तेथलीं यंत्रें चालवितां आलीं तर बाहेरच्या इंधनाची गरज उरणार नाहीं, असा तो हिशेब. म्हणजे या प्रयोगाच्या मुळाशीं शेतकऱ्याचा कळवळा नव्हता, वसाहतवाल्याचा व्यवहार होता. डीझेलनें मागाहून स्वतः असे प्रयोग केले व त्याला ते आवडलेही. वनस्पतिज तेलांचा हा उपयोग आज क्षुल्लक वाटला तरी कालांतरानें तो खनिज तेलाइतकाच महत्त्वाचा ठरूं शकेल, अशा अर्थाचें मत त्यानें त्या सभेंत मांडलें. पुढच्याच वर्षीं, १९१३ च्या सप्टेंबर अखेरीस, अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या आगबोटीवरून तो रात्रींतून नाहींसा झाला. तेलसम्राटांनीं त्याचा घात केला अशी आवई त्यावरून उठली ती अद्याप पुरती विरलेली नाहीं. पुरावा कसलाच नाहीं. त्याची सांपत्तिक स्थिति मात्र त्या वेळीं फार बिकट होती.

असो. पॅरिसला इंजिन सुरळीत चाललें, मग जग गोड्या तेलावर कां चाललें नाहीं? खनिज तेल स्वस्त होतें, हें एक उत्तर. दुसरें उत्तर तेलाच्या अंगींच आहे. वनस्पतिज तेल डीझेलपेक्षां सुमारें दसपट दाट असतें. त्याचा फवारा बारीक होत नाहीं, थेंब मोठे पडतात व अर्धवट जळतात. मग फवाऱ्याच्या तोंडाशीं काजळी धरते, कड्या चिकटतात, आणि वंगणाचें तेलही घट्ट होऊं लागतें. प्रदर्शनांतले कांहीं दिवस ही खोड झांकली जाते. शेतांत वा रस्त्यावर महिनोन् महिने चालणाऱ्या इंजिनास ती भोंवते.

यावरचा उपाय यंत्रज्ञांना सुचला नाहीं. तो साबणवाल्यांच्या शेजारच्या विद्येंत आधींच पडून होता. तेलाच्या प्रत्येक सूक्ष्म कणांत ग्लिसरीनच्या एका कण्याला मेदाम्लांच्या तीन लांब शेपट्या जडलेल्या असतात. कॉस्टिक सोड्याच्या साक्षीनें तेलाची अल्कोहोलशीं गांठ घातली तर शेपट्या ग्लिसरीनला सोडून अल्कोहोलला चिकटतात, आणि जड ग्लिसरीन तळाशीं बसतें. वर जो द्रव उरतो तो पातळ असतो, जवळजवळ डीझेलइतका. ही क्रिया रसायनशास्त्रज्ञांना १८५३ पासून ठाऊक होती. १९४० नंतर अमेरिकेंत साबणाच्या धंद्यांतील लोकांनीं तिचीं पेटंटें घेतलीं तीं मुख्यतः ग्लिसरीनच्या लोभानें. पण त्यापूर्वींच, ३१ ऑगस्ट १९३७ रोजीं, ब्रुसेल्स विद्यापीठांतील शावान यांना ताडजातीच्या पाम वृक्षाचें तेल याच रीतीनें इंधनांत बदलण्याचें बेल्जियन पेटंट मिळालें होतें. आज ज्याला जैवडीझेल म्हणतात त्याचें पहिलें स्पष्ट वर्णन तें हेंच. पुढच्या वर्षीं ब्रुसेल्स व लूव्हेन या शहरांमधील उतारूंची एक बस या इंधनावर चालविण्यांत आली. तेल कोठलें, तर बेल्जियमच्या ताब्यांतील काँगोचें. आफ्रिकेच्या मातींतलें तेल आणि युरोपांतला रस्ता, ही जोडी पुन्हां एकदां जमली होती.

महायुद्धानें खनिज तेलाच्या वाटा तोडल्या तेव्हां जो तो तेलबियांकडे वळला. चीननें तुंग झाडाच्या तेलाचें उष्णतेनें विघटन करून मोटारींचें इंधन काढलें. हिंदुस्थानांतील संशोधकांनींही देशी वनस्पतिज तेलांचे डीझेल इंजिनांवर प्रयोग केले व १९४२ सालीं ते प्रसिद्ध झाले. युद्ध संपलें, खनिज तेल पुन्हां वाहूं लागलें, आणि हें सारें कपाटांत गेलें. पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना १९४६ सालीं झाली. महाराष्ट्रांतील विहिरींवर पुढें जी डीझेल इंजिनें धडधडूं लागलीं तीं सर्व खनिज तेलावर. ज्या शिवारांत भुईमूग पिकत होता त्याच शिवारांत परदेशच्या तेलाचे पिंप येऊन पडूं लागले, आणि त्यांत कोणाला नवल वाटलें नाहीं.

१९७३ च्या तेलटंचाईनें कपाट पुन्हां उघडलें. दक्षिण आफ्रिकेंत सूर्यफुलाच्या तेलावर व ऑस्ट्रियांत मोहरीच्या जातीच्या रेप तेलावर काम सुरू झालें. पण येथें एक अडचण उभी राहिली, व ती रसायनाची नव्हती. खाण्याचें तेल यंत्राला घातलें तर माणसाच्या ताटांतलें कमी होतें. ऑस्ट्रियांतील ग्राझ येथें यावर निघालेला तोडगा साधा होता: जें तेल एकदां माणसाच्या कामीं येऊन गेलें तेंच घ्यावें. उपहारगृहांतील तळणाच्या तेलापासून केलेलें इंधन तेथील शहराच्या बसगाड्यांत १९९४ पासून वापरून पाहिलें गेलें. हवाई बेटांतील माऊई येथें तर निमित्त कचऱ्याचें होतें. उपहारगृहांचें टाकाऊ तेल कचऱ्याच्या डेपोवर ओतलें जात असे. तें थांबावें म्हणून १९९६ च्या सुमारास तेथें कारखाना निघाला.

याच सुमारास अमेरिकेंत ही विद्या परसांत उतरली. १९९७ सालीं जोशुआ टिकेल हा तरुण तळणाच्या तेलापासून केलेल्या इंधनावर मोठी गाडी चालवीत देशभर हिंडला, आणि गांवोगांवीं लोक पिंपें व नळ्या जमवूं लागले. पाणी तापविण्याची जुनी विजेची टांकी हेंच पुष्कळांचें मुख्य भांडें. कृति ऐकावयास सोपी आहे. तेल गाळावयाचें, तापवून त्यांतलें पाणी घालवावयाचें. लिटरभर तेलास सुमारें २०० मिलिलिटर मेथिल अल्कोहोल घेऊन त्यांत कॉस्टिक सोडा विरघळवावयाचा, व तें मिश्रण ५५ अंश उष्णतेच्या तेलांत घालून तासभर ढवळावयाचें. रात्रभर ठेवलें कीं खालीं तांबूस काळें ग्लिसरीन व वर सोनेरी इंधन असे दोन थर होतात. वरचा थर पाण्यानें धुवून वाळविला कीं झालें.

सोडा किती घालावा, येथेंच खरी परीक्षा. ताज्या तेलास दर लिटरीं साडेतीन ते पांच ग्रॅम पुरतो. तळलेलें तेल जितकें जुनें तितकी त्यांत सुटीं अम्लें अधिक, व तीं मारण्यास जादा सोडा लागतो. तो कमी पडला तर तेल तसेंच राहतें; अधिक झाला तर पिंपभर साबण होतो. म्हणून प्रत्येक वेळीं थोडें तेल घेऊन सोड्याचें सौम्य पाणी त्यांत थेंबाथेंबानें सोडून पाहतात आणि रंग बदलतांच थांबतात. रंगासाठीं प्रयोगशाळेंतलें रसायन नसेल तर हळदीचा अर्कही चालतो. क्षाराच्या संगतीनें हळद लाल होते. चुन्याच्या योगानें हळदीचें कुंकू करणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना हें कोणी शिकवावयास नको.

सोपें दिसणारें हें काम निर्धोक मात्र नाहीं. कॉस्टिक सोडा कातडी जाळतो. मेथिल अल्कोहोलची वाफ चटकन पेट घेते, आणि तें पोटांत गेलें तर दृष्टि जाते, प्राणही जातो. मुंबईंत मालवणी येथें २०१५ च्या जूनमध्यें विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें दगावलीं, तीं या मेथिल अल्कोहोलनेंच. त्यावर आपल्याकडे कडक निर्बंध आहेत ते उगीच नव्हेत, आणि अमेरिकेंतील परसाची नक्कल येथल्या चाळींत करणें शहाणपणाचेंही नव्हे. थंडींत हें इंधन गोठूं लागतें, जुन्या मोटारींतील रबरी नळ्या खातें, व वजनास वजन डीझेलपेक्षां थोडी कमी उष्णता देतें. या गोष्टी त्या मानानें किरकोळ.

भारतांत या प्रश्नाला निराळें तोंड फुटलें तें आरोग्याच्या बाजूनें. पुन्हां पुन्हां तापविलेल्या तेलांत ध्रुवीय म्हणून ओळखलीं जाणारीं अपायकारक द्रव्यें वाढतात. तीं २५ टक्क्यांवर गेलेलें तेल खाण्यास वापरूं नये, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणानें १ जुलै २०१८ पासून लागू केला. त्याच वर्षीं असें तेल गोळा करून त्याचें जैवडीझेल करण्याची योजना निघाली, आणि १० ऑगस्ट २०१९ रोजीं सरकारी तेल कंपन्यांनीं १०० शहरांत हें इंधन विकत घेण्याची तयारी जाहीर केली. दररोज ५० लिटरांहून अधिक तेल वापरणाऱ्या उपहारगृहांनीं वापरलेल्या तेलाची नोंदवही ठेवावी, असेंही ठरलें. हातगाडीवर भजीं तळणारा मनुष्य दिवसाला इतकें तेल वापरीत नाहीं. त्याच्या कढईंत जें असतें तें कित्येकदां मोठ्या उपहारगृहानें काढून टाकलेलें, स्वस्तांत घेतलेलें तेलच असतें.