नियोजित वर्तन सिद्धांत
नियोजित वर्तन सिद्धांत : माणसाचा हेतू कशातून घडतो, हे सांगणारी सामाजिक मानसशास्त्रातील उपपत्ती. तिचे आधीचे रूप मार्टिन फिशबाइन व आइसेक आइझेन यांनी १९७५ च्या ग्रंथात मांडले. आइझेन यांनी १९८५ मध्ये ते वाढवले. कृतीविषयीची स्वतःची वृत्ती, जवळच्यांच्या अपेक्षांचा दाब आणि ‘हे आपल्याला जमेल’ ही खात्री, यांतून हेतू बनतो.

नुसती वृत्ती पुरत नाही, हे रिचर्ड लापिएर यांनी १९३४ मध्येच दाखवले होते. चिनी जोडप्यासह अमेरिकेत फिरताना २५१ हॉटेले-खाणावळींपैकी एकानेच त्यांना नाकारले. पुढे पत्राने विचारता, उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी चिनी गिऱ्हाईक घेणार नाही असे कळवले.

दाबाचे बळ आपल्याकडे विधवाप्रथेत दिसते. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे मनाला न पटणारी माणसेही भावकीसमोर गप्प राहतात. हेरवाड (ता. शिरोळ, जि. कोल्हापूर) ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याने सगळी मने एका दिवसात पालटली नसतील. पण न पटणाऱ्याच्या पाठीशी गाव उभे राहिले, हे फार मोलाचे. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवण्यास सांगितले.