कुलाब्याचा जलदुर्ग
अलिबागसमोर समुद्रातील खडकावर कुलाबा किल्ला उभा आहे. ओहोटीस पायी जाता येते, भरतीस होडी लागते. शिवाजी महाराजांनी १६८० साली सुरू करविलेले बांधकाम संभाजी महाराजांनी पुरे केले. तटाचे प्रचंड चिरे चुन्यावाचून रचलेले आहेत. फटींत पाणी शिरते व लाटेचा जोर मोडतो. आमच्या मते खरी कारागिरी हीच! आत गोड्या पाण्याचे तळेही आहे. वेढ्यात त्याचे मोल तोफांहून कमी नव्हे.

१७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज एकजुटीने चालून आले. कान्होजी आंग्र्यांच्या मदतीस बाजीराव पेशवे धावले. पोर्तुगीजांनी परस्पर तह केला, इंग्रज हात हलवीत परतले. याच तटाआड १७५९ साली राघोजी आंग्र्यांनी सिद्धिविनायकाचे मंदिर बांधले.