अल-बलद (जेद्दा)

अल-बलद : सौदी अरेबियातील जेद्दा शहराचे तांबड्या समुद्राकाठचे जुने गावठाण. इ. स. ६४७ मध्ये खलिफा उस्मान यांनी जेद्दाला मक्केचे बंदर ठरवले आणि हज व व्यापार यांची इथे कायमची सांगड पडली. २०१४ पासून हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

बंदराकडून बाब मक्का या वेशीकडे जाणारी पेठ म्हणजे सूक अल-अलवी. जहाजातून उतरलेला यात्रेकरू याच बाजूने मक्केची वाट धरी. आगबोटींच्या काळात मुंबईहून आलेले कोकणी हाजीही त्यांत असत. साहजिकच दुकाने वाटेच्या दुतर्फा थाटली. धूप, ऊद, मसाले, खजूर, जपमाळा, दातवणाच्या मिसवाक काड्या असा माल आजही तिथे मांडलेला दिसतो. भर दुपारी बाजार पेंगतो. खरी गर्दी दिवेलागणीनंतरची.

मान वर केली की इथली खरी कारागिरी दिसते. घरे प्रवाळाच्या दगडाची. हा दगड सच्छिद्र आणि ठिसूळ, म्हणून भिंतीत थराथराने आडव्या लाकडी तुळया घालून भार वाटून दिलेला असतो. दर्शनी भागावर ‘रोशन’, म्हणजे जाळीदार लाकडी सज्जे. घरातल्या बायकांना रस्ता दिसावा, रस्त्याला त्या दिसू नयेत आणि समुद्रावरचा वारा तेवढा आत यावा, अशी ही सोय. रोशनात मातीचे घडे ठेवून पाणीही गार करत. वाळवंटी मुलखात सागवान कुठून मिळणार? ते हिंदुस्थान आणि आग्नेय आशियातून गलबतांनी यायचे.

बैत नसीफ हा १८८१ च्या सुमारास पुरा झालेला व्यापारी वाडा आता संग्रहालय आहे. १९२५ मध्ये जेद्दा ताब्यात आल्यावर सौदी राज्याचे संस्थापक राजे अब्दुल अझीझ इथेच उतरले. जिना इतका रुंद आणि उतरता, की सामानाचे उंट थेट वरच्या मजल्यापर्यंत चढवत, असे सांगतात. दारातले झाड मात्र मराठी माणसाच्या ओळखीचे, कडुनिंबाचे. गावात दुसरे झाडच नसल्याने पूर्वी ‘झाडाचे घर’ एवढा पत्ता पुरे. जवळच्या बैत मतबूलीत जुन्या घरगुती वस्तू मांडल्या आहेत.

१९४७ मध्ये गावाभोवतीची तटबंदी पाडली गेली. पुढे तेलाचा पैसा आला, सधन कुटुंबे नव्या वस्त्यांत गेली आणि वाड्यांत परदेशी मजूर भाड्याने राहू लागले. देखभाल सुटली, काही घरे जळाली, काही ढासळली. आता सरकारी खर्चाने डागडुजी जोरात असून कॅफे, कलादालने वाढत आहेत. रंगवलेले नवे रोशन जरा जास्तच नीटनेटके वाटतात. उन्हापावसाने करडे पडलेले जुने लाकूड पाहायचे तर आडगल्ल्यांत शिरावे.