वृषणवेदनेवरील रोबॉटसाहाय्यित सूक्ष्मशस्त्रक्रिया

वृषणातली 3 महिन्यांहून अधिक टिकलेली वेदना औषधांनी शमत नसेल, तर वृषणरज्जूतील वेदनावाहक चेतातंतू छेदण्याची शस्त्रक्रिया. मार, जंतुसंसर्ग, व्हेरिकोसील (वृषणाच्या फुगलेल्या शिरा), हर्नियाची शस्त्रक्रिया किंवा नसबंदी ही वेदनेमागची नेहमीची कारणे. पुष्कळदा कारण सापडतच नाही. रुग्ण संकोचाने वर्षानुवर्षे गप्प राहतो, हे या दुखण्याचे सर्वांत क्रूर अंग होय.

सूक्ष्मदर्शकाखालील चेताछेदनाचे तंत्र डिव्हाइन व शेलहॅमर यांनी 1978 मध्ये मांडले. त्याला पुढे फ्लोरिडात सिजो परेकाट्टिल यांच्या हातून दा विंची रोबॉटची जोड मिळाली. रोबॉट स्वतः काही कापत नाही. शल्यविशारद त्रिमितीय, विशाल प्रतिमा पाहत उपकरणे चालवतो. हाताचा कंप गाळला जातो. जांघेतील लहान छेदातून चेतातंतू तोडताना वृषणाची रोहिणी डॉप्लरने शोधून जपतात, लसीकावाहिन्याही राखतात. त्यात चूक झाल्यास वृषण सुकण्याचा किंवा अंडवृद्धीचा धोका असतो.

निवडीची कसोटी साधी आहे: रज्जूभोवती बधिरीकरणाचे इंजेक्शन दिल्यावर वेदना तात्पुरती थांबली, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो.

शारीरिक तपासणी, लघवीची चाचणी, सोनोग्राफी या पहिल्या पायऱ्यांना रोबॉट लागत नाही. मुलाच्या वृषणात अचानक तीव्र कळ आली, तर मात्र वृषणाला पीळ पडल्याची शक्यता धरून तासाभराचाही उशीर न करता रुग्णालय गाठावे.